साखळी

सामना सुरू व्हायच्या आधी पंच मुलींची नखं तपासतात.

टीव्हीवर कबड्डी बघताना हे दिसत नाही. बुऱ्हाणपुरात एका संध्याकाळी मी मैदानाला खेटून बसले होते, म्हणून दिसलं. दोन्ही संघांच्या मुली ओळीत उभ्या, हात पालथे करून पुढे धरलेले. शाळेत सोमवारी बाई बघायच्या ना, अगदी तसे. पंचबाई एकेकीसमोर थांबत, बोटांवरून नजर फिरवत, मग मनगटाच्या वर हात लावून बघत. एका मुलीच्या करंगळीचं नख वाढलेलं निघालं. कुणाच्या तरी पिशवीतून नेलकटर आला. सगळं मैदान थांबलं. करंगळी झाली, आणि मगच नाणं उडालं.

नखांचं कळलं, पण मनगटाला हात कशाला? तेल लावलंय का ते बघायला. तो नियमच आहे: नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको. आणि तिथंच मी या खेळापुढे पहिल्यांदा थक्क झाले. क्रिकेटमध्ये बॅटची रुंदी मोजतात, हॉकीत काठी बघतात. इथं तपासायला साहित्यच नाही! चेंडू नाही, काठी नाही, जाळी नाही. एकीची कातडी दुसरीला धरून ठेवते की निसटू देते, एवढ्यावर सगळा डाव. मग पंच तपासणार काय? कातडीच.

आता मैदान बघा. महिलांचं कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. दोन्ही कडांची एकेक मीटरची पट्टी म्हणजे राखीव क्षेत्र. झटापट सुरू झाल्याशिवाय तिथं पाय टाकायचा नाही. राहिलं १२ बाय ६. मधोमध रेषा मारली की एका संघाच्या वाट्याला आलं ६ मीटर बाय ६ मीटर. वीस फूट बाय वीस फूट! जुन्या वाड्याचं माजघर डोळ्यांसमोर आणा. त्या माजघरात सात जणी उभ्या आहेत, आणि आठवी एकटीच उंबरा ओलांडून आत शिरते. तिला कुणाला तरी शिवायचं आहे आणि परत उंबऱ्याबाहेर पडायचं आहे. सातही जणींना तिला जाऊ द्यायचं नाही.

बरं, नुसतं दारातून डोकावून मागे फिरावं, तर तीही सोय नाही. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा असते. कुणालाही न शिवता आणि ती रेषा न ओलांडता परतलीस तर तूच बाद. तिच्याही पुढे १ मीटरवर बोनस रेषा. तिच्या पलीकडे एक पाय टेकला आणि मागचा हवेत असला, तर एक गुण बक्षीस. पण कधी? समोर सहा किंवा सात जणी उभ्या असतील तेव्हाच. खोली भरलेली असताना आत घुसलीस तर शाबास, रिकाम्या खोलीत घुसण्यात कसलं आलंय धाडस?

आणि याची दुसरी बाजू तर याहून सुंदर. समजा एका संघाच्या चार जणी बाद झाल्या, तिघीच उरल्या. त्या तिघींनी, किंवा दोघींनी, किंवा एकटीनं चढाई करणारीला धरून ठेवलं, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. याला म्हणतात अव्वल पकड. ज्यांच्याजवळ माणसं कमी, त्यांच्या हिमतीचं मोल जास्त. हा न्याय मला फार आवडतो. किती खेळ असे आहेत, जे हरत चाललेल्याच्या कानात सांगतात की आता तुझ्या प्रत्येक पकडीचा भाव दुप्पट झालाय?

हे सगळं एका श्वासात चालतं. तुम्ही म्हणाल, हे तर शाळेपासून माहीत आहे. माहीत आहे, पण त्यातली युक्ती कधी लक्षात आलीय? एक करून बघा. श्वास आत ओढता ओढता मोठ्यानं ‘कबड्डी’ म्हणा. नाही जमत. घशातून चमत्कारिक आवाज येतो आणि शब्द मोडतो. आपण बोलतो ते श्वास सोडताना. म्हणजे जोवर शब्द स्पष्ट ऐकू येतोय, तोवर तिनं नवा श्वास घेतलेला नाही याची खात्री. फुप्फुसात काय चाललंय ते बाहेरून कसं कळणार, हा केवढा अवघड प्रश्न! आज त्यासाठी यंत्र लावावं लागेल. आपल्या खेळणाऱ्यांनी तो एका शब्दात सोडवला. पंचाचे कान हेच यंत्र.

आणि शब्दही कसा? हळूच म्हणून बघा: क-ब-ड्डी. ‘क’ला जिभेचा मागचा भाग वर टेकतो, ‘ब’ला ओठ मिटतात, ‘ड्ड’ला जीभ टाळूला चिकटून राहते. तिन्ही वेळा हवा क्षणभर अडते. जणू नळाची तोटी सारखी उघडझाप करतेय आणि पाणी थेंब थेंब पुरवून वापरलं जातंय. महाराष्ट्रातलं जुनं नाव घ्या: हु-तु-तू. ‘हु’ म्हणताच भसकन हवा बाहेर! माझ्या मनात आपलं येतं की दमाच्या हिशेबानं ‘कबड्डी’ हा शब्द काटकसरी गृहिणीसारखा आहे. दक्षिणेत चेडुगुडू, बंगालकडे हाडुडू. प्रत्येक मुलखानं आपापली तोटी बसवली. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादाही आहे, पण घड्याळ आलं म्हणून शब्द गेला नाही.

हा खेळ परक्या पाहुण्याला समजावताना हमखास रग्बी आठवते. धावणारीला कमरेत धरा, पायात धरा, जमिनीवर आणा: दोन्हीकडे तेच. रग्बीत धावणारीच्या हातात चेंडू असतो आणि तो रेषेपलीकडे टेकवायचा असतो. कबड्डीत चेंडू दिसत नाही, कारण तो छातीत असतो. श्वास हाच चेंडू. तो घेऊन समोरच्या अंगणात जायचं आणि फुटायच्या आत घरी आणायचा. रग्बीत निदान चेंडू शेजारणीकडे टाकून मोकळं होता येतं (पुढे नाही, मागेच). श्वास कुणाकडे टाकणार?

आपल्याकडच्या मुली ती रग्बीही खेळतात, हे मला अलीकडे कळलं आणि मी उडालेच. २०१९ मध्ये मनिला इथं भारतीय महिलांनी पंधरा-पंधराच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. सिंगापूरविरुद्ध २१-१९. कर्णधार होती पुण्याची वाहबीझ भरुचा, आणि शेवटच्या मिनिटांत विजयाची पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकनं. दोन गुणांचं अंतर, आणि जिच्या पायावर सगळं येऊन थांबलं तिचा नेम चुकला नाही.

पण मला परत कबड्डीत यायचंय, कारण तिचं सगळ्यात मोठं नवल अजून राहिलंय. बाद झालेली खेळाडू परत जिवंत होते!

जुन्या काळी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळत. ‘अमर’मध्ये कुणी बाहेरच जायचं नाही, नुसते गुण मोजायचे. ‘गामिनी’त गेली ती गेली, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आणि तिसरी तऱ्हा ‘संजीवनी’: समोरची एक बाद केलीत की तुमची एक उठून आत येते, ज्या क्रमानं गेल्या त्याच क्रमानं. विचार करा, तिन्ही नावांत मृत्यूचाच विचार आहे. मरणच नाही, गेलेलं परत येत नाही, आणि गेलेलं परत आणता येतं. शुक्राचार्यांची विद्या मैदानावर आणून ठेवली की हो आपल्या लोकांनी! आज आशियाई स्पर्धांसारख्या ठिकाणी जी कबड्डी खेळतात ती संजीवनीच. म्हणून तर बाकावर बसलेली मुलगी स्वस्थ नसते. आतल्या मैत्रिणीनं एकीला शिवलं की हिला प्राण मिळणार असतो. तिच्याकडे नीट बघा, ती उठायच्या तयारीतच बसलेली असते.

हे नियम काही आपोआप झाले नाहीत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर, साताऱ्यात, बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत माणसं कागद-पेन्सिल घेऊन बसली, भांडली, मापं ठरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ तिथं करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. पुढे शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा साळवी, यांनी जन्मभर हा खेळ गावोगाव आणि देशोदेशी नेला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

आता दोन तारखा शेजारी शेजारी ठेवते. पुरुषांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५२, मद्रास. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५, कलकत्ता. मधे वर्षं किती? तीन!

या तीनची किंमत कळायला इंग्लंडकडे बघावं लागतं. तिथल्या रग्बीची संघटना १८७१ ची. बायकांच्या रग्बीची संघटना १९८३ ची. ११२ वर्षं! १९९१ मध्ये रिचमंड क्लबच्या चार जणींनी महिलांचा पहिला रग्बी विश्वचषक वेल्समध्ये भरवला, तोही जागतिक संस्थेच्या मान्यतेशिवाय. सोव्हिएत संघाच्या मुलींकडे पैसे नव्हते. विकून खर्च भागवायला त्या व्होडका घेऊन आल्या होत्या. इतक्या हालांत तिथल्या बायकांनी जे मिळवलं, त्याच्या कितीतरी आधी अंगाला अंग भिडवणारा, मातीत लोळवणारा खेळ आपल्या बायका १९५५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर खेळत होत्या. तो काळ आठवा. घरोघरी मुलींना ‘हळू चाल’ म्हणणारे किती जण असतील! त्यातून ज्या कलकत्त्याला गेल्या, त्यांची नावं मला कुणी सांगितली तर मी ती देवघरात लिहून ठेवीन. पुण्याच्या शकुंतला खटावकरांना १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या या पहिल्या पिढ्यांच्या खांद्यावर उभ्या होत्या.

पण एक-दोन खेळाडू तयार होणं वेगळं आणि वर्षानुवर्षं खेळाडू तयार होत राहणं वेगळं. ते कसं होतं?

त्यासाठी आमच्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा बघायला या. लिफ्टनं जमिनीच्या पोटात उतरलं की गुडघाभर गार पाणी पायांखालून संथ वाहत असतं. १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं हे काम उभं केलं. तेव्हा इथला कारभार अब्दुल रहीम खानखानांकडे होता, हो, दोहे लिहिणारे रहीम तेच. सातपुड्यात मुरणारं पाणी शहरापर्यंत आणायचं होतं, आणि पंप तर नव्हता. मग केलं काय? ओळीनं शंभरावर विहिरी, म्हणजे कुंड्या, खणल्या, एकीचा तळ दुसरीच्या तळाशी बोगद्यानं जोडला, आणि त्या बोगद्याला अगदी नजरेला न जाणवणारा उतार दिला. बस्स. चारशे वर्षं पाणी चालतंय. वरून पाहिलं तर शेतांमधून नुसती कुंड्यांची तोंडं दिसतात, एकमेकींशी काही संबंध नसल्यासारखी. संबंध खाली आहे.

महाराष्ट्रातली महिला कबड्डी मला अशीच दिसते. वरून दिसतात ती मंडळं. मुंबईत शिवशक्ती महिला संघ, डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब. पुण्यात राजमाता जिजाऊ, सुवर्णयुग. एखाद्या शाळेच्या पटांगणात किंवा चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत संध्याकाळी पंधरा-वीस मुली, एक शिट्टी, एक जुनी मॅट. मॅटही नसेल तर माती. ही झाली कुंडी. प्रत्येक मंडळाची नोंद जिल्हा संघटनेत असते. जिल्ह्याच्या स्पर्धेत मंडळं एकमेकांशी भिडतात, त्यातून जिल्ह्याचा संघ निवडला जातो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे कबड्डीच्या हिशेबात वेगळे, आणि त्यांच्यातली चुरस विचारू नका! मग राज्य अजिंक्यपद, तिथून राज्याचा संघ, तिथून राष्ट्रीय. आमच्या बुऱ्हाणपूरच्या मुली मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या, म्हणून त्यांचा उतार भोपाळकडे जातो. रावेरच्या मुलीचा जळगावकडे. मधे भाषा तीच, बोली तीच, नुसता बोगदा वेगळा.

लोअर परळची सोनाली शिंगटे शिवशक्तीत खेळायला लागली आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून उतरली. मधल्या सगळ्या कुंड्या तिनं एकेक करून पार केल्या. आणि या वाटेवर एक मोठी विहीर आहे ती रेल्वेची. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या बरोबरीनं रेल्वेचाही संघ उतरतो आणि महिलांमध्ये वर्षानुवर्षं तोच भारी पडत आलाय. कारण उघड आहे: खेळाच्या जोरावर नोकरी मिळाली, पगार सुरू झाला, की लग्नाच्या वयात खेळ सोडायचा दबाव निम्मा होतो. संघांच्या यादीत रेल्वेचं नाव वाचताना मला त्या प्रत्येकीच्या घरातलं पगाराचं पाकीट दिसतं.

मराठीत ‘लीग’ला आपण काय म्हणतो? साखळी! साखळी सामने, साखळी फेरी. आणि बचाव करणाऱ्या मुली हातात हात गुंफून चढाई करणारीला घेरतात, त्यालाही साखळीच म्हणतात. शब्द एक, आणि खरं सांगायचं तर युक्तीही एकच.

आता साखळी सामन्यांचं गणित बघू, कारण त्यात गंमत आहे. समजा दहा संघ आहेत. बाद फेरीनं स्पर्धा घेतली, हरला तो घरी, तर एकूण सामने होतात नऊ. दरवेळी एक संघ घरी जातो, नऊ जण गेले की एक राहतो. निम्म्या संघांची तयारी वर्षभराची आणि खेळ एका सामन्याचा. आता साखळी करा, प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्यांच्या. प्रत्येक संघाला १८ सामने मिळतात आणि एकूण होतात ९०. संघ तेच, मुली त्याच, पण खेळ दहा पट! हरलेल्या मुलीला पुढच्या आठवड्यात परत उभं राहायला मिळतं. ही संजीवनीच नाही का?

इंग्लंडच्या बायकांनी २०१७ मध्ये रग्बीत नेमकं हेच केलं. दहा क्लब, दुहेरी साखळी, जिंकलं तर चार गुण, बरोबरीला दोन, चार किंवा जास्त ट्राय केले (म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवला) तर एक जादा, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तरी एक. हरणाऱ्यालाही झुंजल्याचं फळ! मग पहिल्या चार संघांची उपांत्य फेरी आणि अंतिम सामना. पहिलं विजेतेपद २०१८ मध्ये सारासेन्सनं हार्लेक्विन्सला २४-२० असं हरवून घेतलं. पुढे काही क्लब गेले, काही आले, लीगचं नाव बदललं, पण साखळी तुटली नाही, कोविडचा काळ सोडला तर. २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं ग्लॉस्टर-हार्टप्युरी जिंकले. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडनं कॅनडाला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा ट्विकनमला प्रेक्षक होते ८१,८८५. व्होडका विकून खर्च भागवण्याच्या दिवसांपासून इथवर, ३४ वर्षांत.

आपल्याकडे? २०१४ मध्ये पुरुषांची प्रो कबड्डी आली आणि कबड्डीपटू घराघरांत पोचले. २०१६ मध्ये तिच्याच जोडीनं महिलांची कबड्डी चॅलेंज झाली. संघ तीन: फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आइस दिवाजची कर्णधार होती मुंबईची अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना ३१ जुलैला हैदराबादला झाला. स्टॉर्म क्वीन्स २४, फायर बर्ड्स २३. एका गुणाचा फरक! यापेक्षा रंगतदार शेवट कुणी लिहून आणला असता तरी खरा वाटला नसता. आणि पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तीन कुंड्यांनी शहराला पाणी पोचत नाही, आणि पहिल्या वर्षी पाणी कमी आलं म्हणून कुणी बोगदा बुजवत नाही. रहीम खानखानांनी तसं केलं असतं तर?

इथवर आलोच आहोत, तर आता ज्या गोष्टीमुळे मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

२०१० मध्ये ग्वांगझूला महिला कबड्डी पहिल्यांदा आशियाई स्पर्धेत आली. सुवर्ण भारताचं. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात भारतानं इराणला २५-१९ हरवलं. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. २०१४, इंचॉन: पुन्हा अंतिम फेरीत इराण, पुन्हा सुवर्ण भारताचं. दर वेळी इराण येत होतं आणि हरून जात होतं. मग २४ ऑगस्ट २०१८, जकार्ता. मध्यंतरापर्यंत भारत पुढे. आणि नंतर हिजाब बांधलेल्या त्या मुलींची साखळी अशी आवळत गेली की शेवटी फलकावर इराण २७, भारत २४. आपल्या मुली रडत होत्या. इराणच्या मुली आपल्यासारख्याच दिसणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात पडत होत्या.

त्या बाई होत्या शैलजा जैन. नाशिकच्या!

वर्षानुवर्षं नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवलेल्या शैलजाताई इराणला गेल्या, फारसी शिकल्या, आणि तिथल्या मुलींना सरावाबरोबर योग आणि प्राणायाम करायला लावला. प्राणायाम! ज्या खेळात श्वास हाच चेंडू, तिथं आणखी काय शिकवायचं असतं? जकार्तात इराणच्या मुली ज्या ताकदीनं खेळल्या, तिच्यातला काही भाग गोदावरीच्या काठावरून गेलेला होता.

आता जरा मागे वळून बघा. १६१५ मध्ये एक इराणी माणूस तापीकाठी आला आणि विहिरींना विहिरी कशा जोडायच्या ते दाखवून गेला. चारशे वर्षांनी गोदाकाठची एक बाई इराणला गेली आणि हाताला हात कसा जोडायचा ते शिकवून आली. मी कुंडी भंडाऱ्याच्या पाण्यात उभी राहते तेव्हा हे आठवून अंगावर काटा येतो. विद्या ज्या वाटेनं आली त्या वाटेनं परत गेली, आणि दोन्ही वेळा ती साखळीचीच होती.

जकार्तात गमावलेलं आपण पुढे मिळवलंच. २०२३ मध्ये हांगझूला भारतानं चिनी तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण परत आणलं, आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. पुन्हा एकाच गुणानं. या खेळाला एका गुणाचं काय एवढं प्रेम आहे, कळत नाही.

बुऱ्हाणपूरचा तो सामना राहिलाच की सांगायचा. शेवटची काही मिनिटं उरली होती, आणि करंगळीचं नख कापलेल्या त्या मुलीच्या संघात दोघीच उरल्या होत्या. पाच जणी बाकावर, उठायच्या तयारीत. समोरची उंच, दणकट चढाईपटू आली, निदान रेषा ओलांडली, डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मुलीनं नुसती करंगळी बाजूला काढली, शेजारणीनं तिच्यात आपली करंगळी अडकवली, आणि दोघी एकदम घोट्याकडे झेपावल्या. धूळ उडाली. ‘कबड्डी’ हा शब्द ‘ब’वर येऊन तुटला. पंचबाईंनी दोन बोटं वर केली, आणि बाकावरची पहिली मुलगी धावत आत आली.